पंपावर खापर फोडण्याआधी प्रेशर मोजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या आलिशान गाड्या स्वस्तात मिळतात, पण त्यांचं सस्पेन्शन पुढे खिसा रिकामा करतं, अशा अर्थाचा मजकूर वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पानांवर अधूनमधून येतो. त्यात तथ्य आहे. मात्र ‘गाडी बसली म्हणजे पंप गेला, पंप बदला’ एवढ्यावर तो सल्ला संपतो आणि तिथेच गाडीमालकाचं नुकसान सुरू होतं. कारण पंप पुष्कळदा चांगला असतो. आणि खरोखर गेलेला असला, तर तो का गेला हे न शोधता बसवलेला नवा पंपही त्याच वाटेने जातो. म्हणून हे पत्र.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. आपल्याकडे उंची कमीजास्त होणाऱ्या प्रत्येक गाडीला ‘एअर सस्पेन्शनची गाडी’ म्हणायची पद्धत आहे. मर्सिडीजच्या एअरमॅटिकमध्ये खरोखर हवा असते: रबराच्या पिशव्या आणि त्या भरणारा विजेवरचा छोटा कॉम्प्रेसर. पण त्याच कंपनीने १९९९ मध्ये सीएल कूपेवर आणलेली अ‍ॅक्टिव्ह बॉडी कंट्रोल, म्हणजे एबीसी, ही तेलावर चालते. पुढे ती एसएल या दोन आसनी गाडीवर आणि एस-क्लासच्या व्ही-१२ मॉडेलांवर आली. तिच्यात प्रत्येक चाकाला नेहमीची स्टीलची स्प्रिंग असते आणि त्या स्प्रिंगच्या डोक्यावर तेलाने वरखाली होणारा दट्ट्या. वळणावर गाडी कलू लागली की कॉम्प्युटर बाहेरच्या बाजूच्या दट्ट्यात तेल ढकलतो आणि गाडी सरळ राहते. त्यामुळे या गाडीला अँटी-रोल बार (कलणं रोखणारी आडवी सळी) नसतोच. हे सगळं चालतं साधारण २०० बार दाबाच्या तेलावर. टायरमध्ये सव्वादोन-अडीच बार हवा असते, यावरून अंदाज यावा. (२०१८ नंतरच्या जीएलईवर आलेली नवी इ-अ‍ॅक्टिव्ह पद्धत वेगळी आहे. तिच्यात प्रत्येक चाकापाशी स्वतंत्र विजेची मोटर आणि पंप असतो, त्यामुळे पुढचं विवेचन तिला लागू नाही.)

पंप इंजिनाच्या बेल्टवर फिरतो आणि तो जोडपंप आहे. एकाच शाफ्टवर अर्धा भाग पॉवर स्टिअरिंगचा आणि अर्धा एबीसीचा. एबीसीच्या भागात छोटे पिस्टन शाफ्टभोवती बसवलेले असतात. त्यांना वंगण मिळतं ते त्याच तेलाचं, जे ते ढकलतात. टाकीत तेल कमी झालं, गाळणी तुंबली किंवा ओढीच्या (टाकीतून पंपाकडे तेल आणणाऱ्या) पाइपातून हवा शिरली, की पिस्टन कोरडे चालतात आणि अगदी थोड्या वेळात ओरखडे पडतात. पंप आपोआप ‘म्हातारा’ होऊन मरण्यापेक्षा असा उपाशी ठेवून मारला जाण्याचं प्रमाण जास्त, हे या कामातला कोणीही सांगेल.

जोडपंपाचा एक फायदा निदानात होतो. डॅशबोर्डवर एबीसीची सूचना आली आणि त्याच वेळी स्टिअरिंगही जड झालं, तर आधी बेल्ट, ताणणारी पुली आणि पंपाची पुली पाहा. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतंय आणि फक्त एबीसीच तक्रार करतंय, तर बेल्टचा प्रश्न नाही हे उभ्या उभ्या कळलं. आणखी एक खूण: एबीसीच्या टाकीतलं तेल कमी होतंय, बाहेर कुठे थेंब नाही आणि स्टिअरिंगच्या टाकीतलं मात्र वाढतंय. असं दिसलं तर दोन भागांमधलं शाफ्टचं सील गेलेलं असतं. इथे संशय थेट पंपावरच घ्यायचा, गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावायचीही गरज नाही.

आता ‘गाडी बसते’ या तक्रारीबद्दल. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्याने किंवा एका अक्षावर खाली बसलेली दिसली, तर त्याचा पंपाशी काहीही संबंध नाही. रात्री इंजिन बंद, म्हणजे पंपही बंद. दट्ट्यातलं तेल तिथेच अडवून ठेवायचं काम व्हॉल्व्ह ब्लॉकमधल्या बंद होणाऱ्या झडपांचं आहे. त्यात कचरा अडकला किंवा आतल्या ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) कडक झाल्या की तेल हळूहळू टाकीत परततं आणि गाडी बसते. पुढच्या चाकांचा एक ब्लॉक, मागच्या चाकांचा दुसरा. कुठला कोपरा बसतो यावरून कुठला ब्लॉक उघडायचा ते ठरतं. या तक्रारीवर पंप बदलून देणारं गॅरेज सोडून दुसरं बघावं, इतकं स्पष्ट मत मी देईन. रात्रभर उंची टिकते, पण इंजिन चालू असताना सूचना येते, गाडी वर उचलायला वेळ लावते किंवा गरम झाल्यावर ढिली पडते, तेव्हाच मोर्चा पंपाकडे वळवायचा.

तेलापासून सुरुवात करावी, कारण त्याला खर्च नाही. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, उंची नेहमीची, अशा स्थितीत टाकीच्या झाकणाची पट्टी पाहायची. गाडी बसलेली असताना दट्ट्यातलं तेल टाकीत परत आलेलं असतं, त्यामुळे पातळी खोटी वर दिसते. बटण दाबून गाडी उंच केलेली असताना ती खोटी खाली दिसते आणि तेव्हा भरलेलं तेल गाडी खाली आल्यावर टाकीतून उतू जातं. तेल मर्सिडीजच्या ३४५.० मानकाचं हवं. पेंटोसिन सीएचएफ ११एस हे त्यातलं सर्वांत ओळखीचं, रंगाने हिरवं. शेजारच्या स्टिअरिंगच्या टाकीत बऱ्याच मॉडेलांवर वेगळं तेल असतं, तेव्हा झाकणं वाचून मगच ओतावं. ब्रेक ऑइल तर एक थेंबही नको. या सस्पेन्शनमधली रबरं त्याने फुगून निकामी होतात आणि मग पंप, ब्लॉक, पाइप, सगळंच उघडावं लागतं.

थोडं तेल सिरिंजने काढून पांढऱ्या कपड्यावर टाका. हिरवं आणि पारदर्शक असेल तर ठीक. तपकिरी किंवा काळं झालं असेल तर ते तापलेलं आणि झिजलेलं आहे. फेस असेल तर ओढीच्या बाजूने हवा येते आहे: टाकीपासून पंपापर्यंतचा जाड रबरी पाइप, त्याचे क्लॅम्प आणि पंपाच्या तोंडाची ओ-रिंग. ही बाजू कमी दाबाची असल्याने तिथून तेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. म्हणून गळती दिसत नाही आणि मेकॅनिक पंपाच्या आवाजावरून पंपालाच दोष देतो. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत ही ओ-रिंग कडक झालेली असतेच, असं धरून चालावं. थंड इंजिनवर घुरघुर येते आणि काही मिनिटांनी कमी होते, तेव्हा पंप उतरवण्याआधी हा पाइप आणि ही ओ-रिंग बदलून पाहणं शहाणपणाचं. ओ-रिंगची किंमत किरकोळ.

टाकीतला फिल्टर काढून त्याचा कागद कापून पसरवून पाहायचा. ही पायरी जवळपास कोणीच करत नाही, आणि सर्वांत जास्त माहिती इथेच मिळते. काळे मऊ कण म्हणजे रबर: पाइपाचं किंवा पल्सेशन डॅम्परच्या (पंपाचे धक्के गिळणाऱ्या डब्याच्या) पडद्याचं. चमकणारे बारीक धातूचे कण म्हणजे पंप स्वतःला खातो आहे. त्यावरून चुंबक फिरवा. पण चुंबकाला चिकटले नाहीत म्हणून ते धातू नाहीत असं समजू नका, कारण सगळाच धातू काही चुंबकाला चिकटत नाही. मूळ फिल्टर १० मायक्रॉनचा असतो. बाजारात ३ मायक्रॉनचेही मिळतात. साफसफाईच्या काळात ते वापरावेत आणि कण येणं थांबेपर्यंत लवकर लवकर बदलत राहावं.

एवढं झाल्यावर प्रेशर. या गाड्यांवर प्रेशर सेन्सर बसवलेलाच असतो आणि कंपनीच्या दर्जाच्या स्कॅनरवर तो आकडा चालू इंजिनवर पाहता येतो. शंभर गाड्यांना एकच लावला जाणारा साधा ओबीडी स्कॅनर इथे चालत नाही. त्याला एबीसीचा कंट्रोल युनिट दिसतच नाही, मग ‘कोड काही नाही’ असं उत्तर मिळतं. आधी इंजिन बंद करून, प्रणालीतला दाब रिकामा करून आकडा शून्याजवळ येतो का ते पाहा. तो भलत्याच आकड्यावर अडकला असेल तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग खराब आहे आणि पुढचं मोजमाप व्यर्थ. वायरिंगबद्दल एवढंच: पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी काय काय कुरतडलं असेल ते एकदा टॉर्च मारून पाहावं.

मग थंड इंजिन सुरू करून आकडा लिहून घ्यायचा. निरोगी गाडीत तो १८० ते २०० बारच्या दरम्यान पोचतो आणि तिथेच थोडा खालीवर होत राहतो. खरी परीक्षा पुढे आहे. गाडी अर्धा तास फिरवून, तेल पूर्ण गरम करून, परत आयडलिंगला (इंजिन चालू, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) उभी करा. तेल गरम झालं की पातळ होतं आणि झिजलेल्या पिस्टनच्या फटीतून मागे सटकतं. त्यात आयडलिंगला पंप सर्वांत हळू फिरतो. गरम तेल आणि कमी फेरे, ही जोडी पंपाची झीज उघडी पाडते. म्हणून मुंबईच्या सिग्नलवर उन्हात उभी असताना सूचना येते आणि द्रुतगती मार्गाला लागताच ती जाते. मालकाला वाटतं गाडी आपोआप बरी झाली.

गरम आयडलिंगला आकडा १५० बारच्या खाली रेंगाळत असेल आणि इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर नेताच तो १९० च्या वर जात असेल, तर तेल कुठेतरी मागे सुटतं आहे. कुठे, हा पुढचा प्रश्न, आणि बहुतेक चुका याच टप्प्यावर होतात. पंपाची झीज, दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहणं आणि व्हॉल्व्ह ब्लॉकची आतली गळती, या तिन्ही दोषांत स्कॅनरवर दिसणारा आकडा अगदी सारखा असतो. फेरे वाढवले की तिन्ही दोषांत दाब वाढतो.

वेगळं काढायचा एक सोपा मार्ग तापमानाचा आहे. २०० बारवरचं तेल काम न करता फटीतून टाकीकडे सुटलं की त्याची सगळी ऊर्जा उष्णतेत जाते आणि ते साधारण १० ते १२ अंश सेल्सिअसने तापतं. इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढच्या ब्लॉकचा, मागच्या ब्लॉकचा आणि दाब मर्यादित ठेवणाऱ्या व्हॉल्व्हचा परतीचा पाइप, शक्य तितक्या सारख्या जागी मोजा. चकाकत्या धातूवर हे यंत्र चुकीचा आकडा देतं, म्हणून मोजायच्या जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवावी. एकच पाइप इतरांपेक्षा ठळकपणे गरम असेल तर दोष त्या शाखेवर. सगळे सारखेच आणि पंपाचं शरीर मात्र चटका बसण्याइतकं, तर दोष पंपात. दुरुस्तीच्या टेबलावर मोजायची साधनं असणाऱ्याला हे प्राथमिक वाटेल, पण पंप न उतरवता एवढी माहिती देणारी दुसरी युक्ती नाही.

याशिवाय पंपावर ओढीची बाजू कमीजास्त उघडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह असतो. तो चिकटला तर चांगल्या पंपालाही तेल पुरत नाही आणि लक्षणं थेट मेलेल्या पंपासारखी येतात. त्याचा कनेक्टर, त्याच्या कॉइलचा रोध आणि स्कॅनरवरून दिलेल्या आज्ञेला तो दाद देतो का, हे पाहिल्याशिवाय पंपाचा मृत्युदाखला लिहू नये.

आकडा स्थिर नसून भराभर थरथरत असेल, आयडलिंगला केबिनमध्ये घूंऽऽ असा कंप जाणवत असेल आणि प्रेशरचा पाइप नजरेला दिसेल इतका फडफडत असेल (पाइपाला हात लावून नव्हे, नुसतं पाहून!), तर पल्सेशन डॅम्पर गेला आहे. हा नायट्रोजन भरलेला छोटा डबा पिस्टनचे धक्के गिळतो. त्याचा पडदा फाटला की धक्के सरळ पाइपांवर जातात आणि एक दिवस पाइप फुटतो. वर पडद्याचे तुकडे प्रणालीत फिरतात ते वेगळंच. पुढच्या आणि मागच्या चाकांचे अ‍ॅक्युम्युलेटरही अशाच घडणीचे असतात. त्यांचा गॅस गेला की खड्ड्यांवर गाडी ठणकते, पण आयडलिंगचा दाब ठीक दिसतो. तेव्हा ठणकणाऱ्या गाडीला पंप लावून काही होणार नाही.

एक धोकादायक प्रकार आवर्जून सांगायला हवा. काही कारागीर पंपाच्या प्रेशरच्या तोंडाला बूच किंवा थेट गेज लावून ‘पंप किती मारतो ते बघू’ म्हणतात. या पंपातून निघालेलं तेल कुठेतरी जायलाच हवं. दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह पंपात नसून पुढच्या शाखेत आहे. तोंड बंद केलं तर काहीतरी फुटणारच. गेज लावायचं तर टी-जोड देऊन, बाकी मार्ग उघडा ठेवून, आणि गेज व होज निदान ४०० बारचे घेऊन. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून २०० बारचं तेल कातडीतून आत घुसतं. जखम किरकोळ दिसते, दुखतही नाही, पण काही तासांत बोट किंवा हात गमावायची वेळ येते. गळती शोधायला बोट नाही, पुठ्ठा फिरवावा, आणि तेल टोचलंच तर ‘मलम लावू’ न म्हणता त्याच तासाला शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयात जाऊन ‘हायड्रॉलिक ऑइल टोचलंय’ हे शब्द डॉक्टरांना सांगावेत. गाडीखाली जायचं तर चार स्टँड बॉडीच्या ठरलेल्या जॅक पॉइंटवर. पाइप सुटला की ही गाडी क्षणात खाली येते, नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी झोपू नये.

सगळं तपासून दोष पंपातच निघाला, तर बदलण्याची पद्धत पंपाइतकीच महत्त्वाची. जुन्या पंपाचा चुरा टाकीत, कूलरमध्ये आणि पाइपांत पसरलेला असतो. टाकी उतरवून धुवावी. तिच्या तळाची जाळी विसरू नये. फिल्टर नवा, पल्सेशन डॅम्पर नवा, उघडलेल्या प्रत्येक जोडाची ओ-रिंग नवी. पुढे असलेल्या तेलाच्या कूलरच्या जाळीतली धूळ आणि किडे काढावेत, कारण आपल्याकडच्या उन्हात आणि वाहतूक कोंडीत तो तुंबला की तेल उकळायचं तेवढं बाकी राहतं. नवा पंप बसवण्याआधी त्यात तेल भरून शाफ्ट हाताने फिरवायचा, म्हणजे पहिल्या फेऱ्याला पिस्टन कोरडे राहत नाहीत. इंजिन सुरू केल्यावर रेस द्यायची नाही. दहा-पंधरा सेकंदांत दाब उठला नाही तर लगेच बंद करून हवा कुठे अडकली ते पाहायचं. परतीचा पाइप वेगळ्या भांड्यात सोडून, टाकीत नवं तेल ओतत राहून, हिरवं तेल येईपर्यंत फ्लशिंग करावं. आठ-दहा लिटर सहज लागतं. लिटरभर टॉप-अप करून ‘ऑइल चेंज’ असं बिलावर लिहिलं असेल तर जाब विचारा. मग स्कॅनरवरून गाडी वरखाली नाचवणारी क्रिया चालवावी. जाणकार तिला ‘रोडिओ’ म्हणतात. ब्लॉकमध्ये बसलेला गाळ तिनेच हलतो. त्यानंतर फिल्टर पुन्हा बदलायचा आणि माझ्या मते हजार किलोमीटरनंतर परत एकदा कापून पाहायचा.

नवा घ्यावा की दुरुस्त केलेला? केवळ सील गळत असेल तर सील किट टाकून पंप उत्तम चालतो. पिस्टनच्या भोकांना ओरखडे पडले असतील तर सील किट म्हणजे पैसे पाण्यात. भंगारातल्या गाडीचा पंप घेताना त्याच्या तोंडातलं तेल बोटावर घेऊन पाहावं. काळं आणि चमचमणारं असेल तर तो कितीही स्वस्तात मिळो, घेऊ नये.

रस्त्यात पांढऱ्या अक्षरांत कार्यशाळेत जाण्याची सूचना आली तर टाकीतलं तेल पाहून, हळू, जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. लाल अक्षरांत गाडी फार खाली असल्याची आणि थांबण्याची सूचना आली तर ‘घर जवळच आहे’ हा विचार सोडून इंजिन बंद करावं. चाकं मडगार्डला घासतात आणि तेल संपलेला पंप पुढच्या काही किलोमीटरमध्ये कायमचा जातो. घाटात असं झालं तर बेल्ट काढून गाडी उतरवायचा सल्लाही कोणी देईल. त्याच बेल्टवर अल्टरनेटर आणि कूलंटचा पंप आहे, आणि स्टिअरिंगची मदतही जाते. गाडी सपाट ट्रकवरच न्यायची, टोचनने नाही.

आपल्या पुरवणीला एक विनंती. जुनी एसएल किंवा सीएल घेणाऱ्या वाचकांना मायलेज आणि सर्व्हिस बुकबरोबर आणखी एक गोष्ट मागायला सांगावी: अर्धा तास चालवल्यानंतर गरम आयडलिंगला एबीसीच्या प्रेशरचा स्कॅनरवरचा आकडा, फोटोसह. आणि पंप बदलला गेला असल्यास जुना पंप व कापलेला फिल्टर गॅरेजने परत द्यावा असा आग्रह धरावा. विकणारा हा आकडा दाखवायला तयार नसेल, तर पंपाची आणि फ्लशिंगची रक्कम किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करावीत.

कळावे,
हायड्रॉलिक दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक,
पिंपरी-चिंचवड